पथ्याचं ताट एकट्याचं का?

मधुमेहाचं निदान एका माणसाच्या नावानं होतं. रिपोर्टवर नाव त्याचं, गोळ्या त्याच्या आणि ‘गोड बंद, तेल कमी, रोज चालत जा’ हा सल्लाही त्यालाच. घरी मात्र भाजी पाच जणांची एकाच गंजात शिजते आणि ती शिजवणारी बाई बहुतेक वेळा डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली असते.

पुढे काय होतं, हे अचलपूर-परतवाड्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पहिला पंधरवडा घरात दोन स्वयंपाक होतात. एक ‘त्यांच्यासाठी’, फिक्का, बिनतेलाचा. दुसरा बाकीच्यांसाठी, नेहमीसारखा, वर लाल तर्री असलेला. एकाच ओट्यावर दोन फोडण्या, दोन कढया, आणि जेवताना शेजारच्या ताटातून येणारा वास. तिसऱ्या आठवड्यात ‘थोडासा रस्सा टाक’ असं म्हटलं जातं. महिन्याभरात वेगळी भाजी बंद होते. करणारी थकलेली असते, खाणारा कंटाळलेला असतो, आणि घरातलं मोठं माणूस निकाल देऊन टाकतं, ‘आता मानसाले उपाशी ठेवावं का?’ सकाळच्या चालण्याचं आयुष्य याहून कमी. पाऊस आला, लग्नं आली, पाय दुखला, की बूट पलंगाखाली जातात ते जातातच.

याचा दोष रुग्णाच्या मनोनिग्रहाला दिला जातो. तो चुकीच्या जागी दिला जातो. पाच जणांच्या घरात एकानं वेगळं खायचं आणि वेगळं उठायचं, ही मागणीच न टिकणारी आहे. पथ्य घरानं पाळायला हवं. सगळं घर एकदम वळत नसेल, तर निदान दोघांनी सुरुवात करावी.

ही नुसती भावनिक सूचना नाही. मधुमेह आणि रक्तदाब घरात एकट्यानं येत नाहीत. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचं प्रमाण प्रौढांमध्ये ३५ टक्क्यांच्या वर. एका घरात एक निदान झालेला रुग्ण असेल, तर त्याच घरात न तपासलेला दुसरा असण्याची शक्यता मोठी आहे. भावंडांत आणि मुलांत रक्ताचं नातं असतं, तर नवरा-बायकोत रक्ताचं नसलं तरी तेलाच्या पिप्याचं असतं.

चेन्नईच्या संशोधकांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याची एक सोपी गुणपत्रिका तयार केली. एकूण गुण १००. वयाचे जास्तीत जास्त ३०, आईवडिलांना मधुमेह असल्यास जास्तीत जास्त २०, कमरेच्या घेराचे २० आणि हालचालीच्या अभावाचे ३०. साठ किंवा त्याहून अधिक गुण मिळाले, तर धोका मोठा. ही पत्रिका नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. पहिले पन्नास गुण नशिबाचे आहेत. वय कमी होत नाही आणि आईबाप बदलता येत नाहीत. उरलेले पन्नास, म्हणजे कंबर आणि हालचाल, हे मात्र घराच्या चालीरीतीवर ठरतात. शिंप्याकडची टेप आणि एक कागद घेऊन रविवारी दुपारी सगळ्या घराचे गुण काढता येतात. बेंबीच्या पातळीवर पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कुटुंबाला धरून उपचार केले तर फरक पडतो का, हे केरळमध्ये नीट तपासून पाहिलं गेलं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेच्या संशोधकांनी ७५० कुटुंबं घेतली. प्रत्येक कुटुंबात कुणाला तरी कमी वयात हृदयविकार झालेला होता. निम्म्या कुटुंबांना नेहमीसारखा एकदाचा सल्ला आणि वार्षिक तपासणी मिळाली. उरलेल्या कुटुंबांच्या घरी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते दोन वर्षं जात राहिले. हे डॉक्टर नव्हते. ते रुग्णाऐवजी त्याच्या जोडीदाराशी आणि रक्ताच्या नातेवाइकांशी बोलत, खाणं, तंबाखू, हालचाल, रक्तदाब यांवर त्यांच्यासोबत काम करत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या चारपैकी निदान तीन गोष्टी आटोक्यात असणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या सल्ल्याच्या गटात ४६ टक्के होतं. घर धरून काम केलेल्या गटात ते ६४ टक्के होतं. यात कुठलंही नवं औषध किंवा महागडं यंत्र नव्हतं. २०२१ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला.

इंग्लंडमध्ये ३७२२ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठं आयुष्य जगणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांच्या बायकोनंही व्यायाम सुरू केला, त्यांतले ६७ टक्के हलू लागले. बायको बसूनच राहिली, तिथे फक्त २६ टक्के. अर्थात, एकमेकांचं पाहून बदलणारी जोडपी मुळातच एकविचाराची असतील, असा आक्षेप या प्रकारच्या पाहणीवर घेता येतो आणि तो रास्त आहे. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. आधीपासूनच तंदुरुस्त असलेल्या जोडीदारापेक्षा आपल्यासोबत नव्यानं बदलणाऱ्या जोडीदाराचा आधार जास्त कामी येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे वडिलांना चालायला लावण्यासाठी पाच वर्षं जिममध्ये जाणारा, दंड फुगवलेला मुलगा हा फारसा चांगला सोबती नाही. त्याच्याकडे बघून वडिलांना आपलं पोटच जास्त दिसतं. स्वतःचीही कंबर ९४ झालेली, दोन जिने चढताना धापणारी लेक किंवा सून हा खरा सोबती.

वऱ्हाडाला ही गोष्ट परक्यानं सांगावी, याचंच खरं तर नवल वाटायला हवं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथली मुलं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेली होती. या भागात व्यायाम ही एकट्यानं करायची गोष्ट कधीच नव्हती. आखाड्यात जोड लागते. जोर-बैठका मोजायला दुसरा लागतो, मल्लखांबाखाली कुणीतरी उभं लागतं. एखादा पोरगा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात हाक येते. आजच्या भाषेत ज्याला ‘सपोर्ट सिस्टिम’ म्हणतात, ती मातीत तेल-ताक ओतणाऱ्यांनी कोणताही शोधनिबंध न वाचता उभी केली होती. तिची मर्यादा एवढीच की तिच्यात जास्त करून तरुण पोरं होती. पन्नाशीचा दुकानदार, साठीची आजी, तिशीतली सून यांच्यासाठी तिथे जागा नव्हती. त्यांचा आखाडा घरातच मांडावा लागेल.

आणि घरात मांडायचा म्हटलं की पहिला प्रश्न बाईचा येतो. ‘तिला कशाला व्यायाम, दिवसभर कामच तर करते,’ हे वाक्य बायका स्वतःही म्हणतात. काम करते, हे शंभर टक्के खरं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आढळलं. पुरुषांपैकी मुळात चौघांत एकच जण घरकामाला हात लावतो आणि जो लावतो त्याची सरासरी ९७ मिनिटं. पण पाच तास ओट्याशी उभं राहण्यानं गुडघे झिजतात आणि पाठ धरते. हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना घरकामही हालचालीत धरते, मात्र आठवड्याला निदान १५० मिनिटं ती हालचाल श्वास वाढवणारी असावी, असं तिचं २०२० चं मार्गदर्शन सांगतं. निंदायला, वेचायला जाणाऱ्या मजूर बाईला हे वेगळं सांगायची गरज नाही. तिला विश्रांती आणि पोटभर अन्न हवं. प्रश्न आहे तो गावात राहणाऱ्या, गॅस, मिक्सर आणि नळ आलेल्या घरातल्या बाईचा. तिची दमछाक तेवढीच राहिली, हालचाल मात्र घटली. २०२२ मध्ये भारतातल्या प्रौढ स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी ४२ टक्के पुरेशी हालचाल करत नव्हते, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आहे.

‘मी तं वाळकी हाव, मले काय होते’ हा दुसरा भ्रम. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तो जगापुढे मांडला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी पोटात दडून बसते आणि स्नायू कमी असतात. म्हणून घरातली ‘वाळकी’ बाई तपासणीतून सुटायला नको.

आता स्वयंपाकघर. सल्ल्याच्या चिठ्ठीत ‘तेल कमी’ असं लिहिलेलं असतं. किती कमी, हे कुणी सांगत नाही आणि फोडणी टाकताना मोजत कुणी बसत नाही. घराचं पथ्य मोजायची खरी जागा किराण्याची यादी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या नमुना आहारात २००० कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याचे होतात साधारण चार किलो. म्हणजे १५ किलोचा पिपा साडेतीन-पावणेचार महिने जायला हवा. तो कितीव्या दिवशी संपतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. फक्त त्याकडे कुणी तब्येतीचा आकडा म्हणून पाहत नाही. यापुढे पिपा फोडला की त्याच्यावर तारीख लिहून ठेवावी. घाणीचं तेल असो की डब्यातलं, कॅलरी सारख्याच, हेही सांगायला हवं, कारण ‘घाणीचं आहे’ म्हणून दुप्पट ओतणारे कमी नाहीत.

मिठाचं तसंच. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. पाच जणांना महिन्याला पाऊण किलो, त्यात लोणचं, पापड, ठेचा आणि बाहेरून आणलेला शेव-चिवडा सगळं आलं. एक किलोचं पाकीट महिनाअखेर थोडं उरलं पाहिजे. साखर चहातूनच जास्त जाते. दोन चमच्यांचा चहा तीनदा झाला की पंचवीस-तीस ग्रॅम साखर पोटात गेली, म्हणजे दिवसाची इष्ट मर्यादा संपलीच. त्यात पाहुणे आले की यजमानांसोबत चौथा.

यादीवर दोघांनी बसायचं: आणणाऱ्यानं आणि शिजवणारीनं. बहुतेक घरांत आणणारा एक आणि शिजवणारी दुसरी असते, आणि तब्येतीवरून बोलणी मात्र शिजवणारीला बसतात. दुकानातून येताना कचोरीचा पुडा आणणारा हात कुणाचा, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

वऱ्हाडी जेवण मुळात वाईट आहे, असा एक समज आरोग्यावर बोलणाऱ्यांनी पसरवून ठेवला आहे. तो खोटा आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोटा, घोळ आणि चिवळ, हिवाळ्यात तुरीचे सोले. यात प्रथिनं आहेत, चोथा आहे, भाजीपाला आहे. बिघाड झाला तो प्रमाणात. गेल्या काही दशकांत शेतात सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे सरली. ताटातही भाकरीची जागा पोळी आणि भातानं घेतली. वरण पातळ झालं, भाजी चमचाभर उरली आणि तर्री मात्र वाढली. दुरुस्ती करायची तर परक्या पदार्थांकडे जायची गरज नाही. अर्ध्या ताटात भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताटात घट्ट वरण किंवा उसळ, उरलेल्या पाव ताटात भाकर. भाकरीलाही औषध समजू नये. ज्वारीत पीठच आहे. चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी संत्रं सोलून खावं, रस काढू नये. रसात तीन संत्री एका घोटात जातात आणि चोथा गाळणीत राहतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि आलूचा कीस खाऊन ‘आज काही खाल्लं नाही’ म्हणणाऱ्यांना रात्रीची साखर एकदा मोजून पाहायला सांगावं.

एक अडचण खरी आहे. घर म्हणजे सारखी माणसं नव्हेत. वाढतं पोर आहे, अंगावर पाजणारी सून आहे, वजन उतरलेले आजोबा आहेत. मेळघाट इथून तासाभराच्या अंतरावर आहे; कमी खाण्याचे परिणाम या भागाला शिकवावे लागत नाहीत. मधुमेह्याचं पथ्य पोरांवर लादून त्यांना अर्धपोटी ठेवणं हा शुद्ध गाढवपणा होईल. तोड जुनीच आहे: शिजवायचं एकत्र, वाढायचं वेगळं. गंजातली भाजी सगळ्यांसाठी कमी तेलाची. मुलाच्या भाकरीवर तुपाची धार, आजोबांच्या वरणात लोणी. झुणक्यावर, ठेच्यावर वरून कच्चं तेल घ्यायची रीत वऱ्हाडात आहेच. ती उलटी वापरली की झालं: ज्याला हवं त्याच्या ताटात, ज्याला नको त्याच्या नाही. दोन कढया चढवाव्या लागत नाहीत आणि रुग्णाला आजाऱ्यासारखं वेगळं बसावं लागत नाही.

सणावर मात्र कुणी हात टाकू नये. डिसेंबर-जानेवारीत बहिरमच्या यात्रेला जाऊन हंडीतलं मटण आणि रोडगे न खाता परत येणारा माणूस पुढच्या आठवड्यात सगळंच पथ्य सोडून देतो. वर्षातून एक दिवस असतो, तो खाऊन घ्यावा, गोळी चुकवू नये आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर यावं. साखर बिघडवते ती रोजची साधी भाजी, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

चालण्याबाबत मराठीत एक सुंदर शब्द आहे, शतपावली. संध्याकाळी जेवून शंभर पावलं. हिशेब केला तर मध्यम वेगानं चालणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर पावलं टाकतो. म्हणजे शतपावली एका मिनिटात संपते! तिला हजारपावली करावी लागेल. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेही रुग्णांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसातून एकदा कधीतरी सलग तीस मिनिटं चालणं आणि प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालणं यांची तुलना झाली. जेवणानंतरची वाढलेली साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. चालणारे स्नायू रक्तातली साखर तेव्हाच उचलतात, म्हणून वेळेला महत्त्व.

अचलपूरसाठी ही पद्धत आणखी एका कारणानं बरी. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकतो. सकाळी सातलाच ऊन भाजतं. पहाटे पाचला उठून मैदान गाठणं सगळ्यांना जमत नाही. सकाळच्या स्वयंपाकाची घाई असलेल्या बाईला तर नाहीच. रात्री साडेआठ-नऊला जेवणं आटोपली की दोघांनी गल्लीतून बाहेर पडावं आणि दहा-पंधरा मिनिटांत परत यावं. सासू आणि सून एकत्र निघाल्या तर ‘लोकं काय म्हनतीन’ हा प्रश्न निम्मा विरतो, कारण त्या घरातलं म्हणणारं माणूसच सोबत असतं. ज्यांना रस्ता नको त्यांना गच्ची आहे. जुन्या परकोटाच्या आतल्या अरुंद गल्ल्यांत मोटारसायकली, कुत्री आणि उघड्या नाल्या यांतून वाट काढत चालण्याचा सल्ला देणं सोपं आहे. तिथे दिवे आणि सपाट रस्ता देणं हे नगर परिषदेचं आरोग्याचंच काम आहे, हेही तेवढ्याच ठामपणे म्हणायला हवं. अचलपूर ते परतवाडा अंतर तीन-चार किलोमीटरचं. त्या रस्त्याच्या कडेनं निर्धास्त चालता आलं, तर व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा न लागणारी किती तरी माणसं निघतील.

चालण्यासोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, तोही घरातच. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं करायचं, मग अदलाबदल. पासष्टीपुढच्यांनी भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळावा, शेजारी नातू उभा करावा. पडून खुब्याचं हाड मोडणं हे म्हातारपणीचं मोठं संकट आहे आणि ते टाळणारी ही फुकटची गोळी आहे.

जोडी मात्र बिघडतेही. एक जण पहारेकरी होतो आणि दुसरा चोर. ‘काय खाल्लं? किती चालले? दाखवा मोबाइल.’ पुण्यात नोकरीला असलेला मुलगा रोज रात्री फोन करून बापाची उलटतपासणी घेतो आणि बाप हसत हसत खोटं बोलतो. त्यापेक्षा मुलानं तिकडे आपल्या सोसायटीत आणि बापानं इकडे आपल्या गल्लीत, फोन कानाला लावून एकाच वेळी चालावं. पगार, पिकाचे भाव, कुणाचं लग्न ठरलं, यावर बोलावं; साखरेचा विषयसुद्धा काढू नये. दहा मिनिटं कधीच होऊन जातात. गाडी-रस्त्यावर असाल तर फोन बाजूला, एवढंच.

धीरही लागतो. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी गोष्ट आपोआप घडू लागायला मध्यमानानं ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला अंदाजे २५४. खाण्यापिण्याच्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाची सवय लागायला जास्त वेळ गेला. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दोन महिने आणि वर एक आठवडा, इतका हा काळ. त्या अभ्यासातली दिलासा देणारी बाब म्हणजे मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडली नाही. तिसऱ्या आठवड्यात हार मानणाऱ्या घरानं हे भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांचं जेवण कमी झालं आणि चालणं वाढलं की साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं सोबत्यालाही माहीत हवीत आणि खिशात साखरेची पुडी हवी. रोजा असो की नवरात्राचा उपवास, गोळ्यांच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात. चालताना छातीत भरून आलं तर तिथेच थांबावं आणि दवाखाना गाठावा. मधुमेह्यानं अनवाणी चालू नये. पायाला बधिरपणा असेल तर खडा टोचलेलाही कळत नाही. रोज रात्री जोडीदारानं तळपाय पाहावेत. नवरा-बायकोनं एकमेकांचे पाय पाहण्यात लाजण्यासारखं काही नाही.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासला जातो. तरी पुढच्या तपासणीला ‘त्यांना’ घेऊन जाणारी बाई बाहेरच्या बाकावर बसूनच परत येते. डॉक्टरांनी तिला आत बोलवावं, तिच्याही बोटाला सुई टोचावी, तिचीही कंबर मोजावी आणि चिठ्ठीवर दोन नावं लिहावीत. त्यांनी बोलावलं नाही, तर नवऱ्यानं दार उघडून तिला हाक मारावी.